व्हर्च्युअल पियानो: आवाज खरा वाटण्यासाठी नक्की काय फिरवायचं?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. हा धागा संगीत विभागात बसतो की तंत्रज्ञानात, ते संपादकांनी ठरवावं.

माझ्याकडे ८८ वजनदार पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो आहे. त्याचा स्वतःचा आवाज जरा पातळ, म्हणून यूएसबी केबलने तो विंडोज लॅपटॉपला जोडला आणि स्फोर्झांदो या मोफत प्लेअरमध्ये सॅलॅमँडर ग्रँड पियानो हा खऱ्या पियानोच्या ध्वनिमुद्रणांचा संच उघडला. हाच संच इतरांनी वाजवलेला ऐकून मी हरखून गेलो होतो. माझ्याकडे मात्र पट्टी दाबल्यावर स्वर किंचित उशिरा येतो, आणि येतो तो दुहेरी, नळीतून आल्यासारखा. हळू वाजवलं तर ऐकूच येत नाही, जोरात वाजवलं तरी खुलत नाही. हेडफोन लावले की खर्ज पार डाव्या कानात आणि तार सप्तक पार उजव्या कानात. रिव्हर्ब (खोलीसारखी घुमी), इक्वलायझर, कोरस असे सगळे इफेक्ट फिरवून झाले. जितकं फिरवतो तितकं बिघडतं. काय आधी आणि काय नंतर, कोणी सांगेल का?

पेडलवाला
आधी रिव्हर्ब शून्यावर, इक्वलायझर बंद, कोरस तर कायमचाच बंद. हे सगळं शेवटी बघायचं.

दुहेरी आवाजाचं कारण बहुतेक सोपं आहे. तुमचा पियानो स्वतःही वाजतोय आणि लॅपटॉपही. दोघांत काही मिलिसेकंदांचा फरक पडला की ते दोन आवाज एकमेकांना खातात आणि नळीतून आल्यासारखं ऐकू येतं. पियानोच्या मेनूत ‘लोकल कंट्रोल’ शोधा आणि ऑफ करा. मग पट्ट्या फक्त मिडी संदेश (कोणती पट्टी, किती जोरात, एवढीच आकड्यांतली माहिती) पाठवतील, पियानोचा आतला आवाज गप्प. बऱ्याच मॉडेलांत हे एखादं बटण आणि ठरावीक पट्टी एकत्र दाबून करावं लागतं, पुस्तिकेत सापडेल. काही मॉडेलांत पियानो बंद करून चालू केला की ते पुन्हा ऑन होतं. सापडलंच नाही तर पियानोचा व्हॉल्यूम शून्य करा आणि हेडफोन लॅपटॉपला लावा. काम तेच.

उशिराचं कारण ड्रायव्हर आणि बफर, म्हणजे वाजवण्याआधी लॅपटॉप साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा. तुम्ही विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर असाल. एएसआयओ हा कमी उशिराचा ड्रायव्हर निवडा. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याचा स्वतःचा, नसेल तर एएसआयओ४ऑल हा मोफत ड्रायव्हर चालतो. मग बफर बघा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने) १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साडेअकरा, २५६ म्हणजे सहाच्या आत, १२८ म्हणजे तीनच्या आत. हा फक्त बफरचा हिशोब, बाकी साखळीत अजून थोडी भर पडते. हवेत आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा पियानो साडेतीन मीटरवर ठेवून वाजवल्यासारखा. तेवढा चालतो. त्यापुढे बोटं अडखळायला लागतात. २५६ पासून सुरुवात करा, फटफट आवाज आला नाही तर १२८.

आणि हेडफोन ब्लूटूथचे असतील तर वरचं सगळं विसरा. तार जोडा.

उगाचच
रुमाल टाकून ठेवतो. शेजाऱ्यांचं सेटिंग कुठे असतं तेही सांगा कोणीतरी.

मंद्रसप्तक
लोकल कंट्रोल ऑफ केल्याबरोबर नळी गायब! बफर २५६ वर ठेवलाय, उशीर जाणवत नाही. पेडलवाला, मनापासून आभार. पण ‘खुलत नाही’ हे तसंच आहे. आवाज वाढवला तर नुसता मोठा होतो, पियानोची ती चमक येत नाही.

पेडलवाला
आता मुद्द्यावर आलात. माझ्या मते ‘व्हर्च्युअल पियानो नकली वाटतो’ या तक्रारीतल्या बहुतेक तक्रारी आवाजाच्या नसतातच, त्या व्हेलॉसिटीच्या, म्हणजे पट्टी किती वेगाने दाबली त्याच्या आकड्याच्या असतात.

पट्टीखाली दोन किंवा तीन सेन्सर असतात. पहिला लागल्यापासून पुढचा लागेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून पियानो १ ते १२७ मधला एक आकडा पाठवतो. दाब मोजला जात नाही, वेग मोजला जातो. सॅलॅमँडर हा यामाहा सी५ ग्रँडचा संच. दर तीन पट्ट्यांमागे एक स्वर ध्वनिमुद्रित केलेला आणि प्रत्येक स्वर १६ वेगवेगळ्या जोरांनी. हळू वाजवलेल्या थरात हातोडी मऊ लागते, वरचे उपस्वर कमी. वरच्या थरांत तीच तार लखलखते. तुमचा पियानो जोर लावूनही ९५ च्या पुढचा आकडा पाठवतच नसेल, तर वरचे थर डिस्कवर नुसते पडून राहणार. मग व्हॉल्यूम कितीही चढवा, मोठा ऐकू येणार तो मधलाच थर. मऊ स्वर मोठा केला म्हणून तो फोर्टे, म्हणजे जोरात वाजवलेला होत नाही.

मिडी-ऑक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवा. पट्टी दाबली की आकडा दिसतो, तो सोळाच्या पद्धतीत असतो, म्हणजे ७एफ म्हणजे १२७. शक्य तितकं हळू वाजवा, मग नेहमीसारखं, मग ज्या जोराने तुम्ही खरोखर वाजवाल तितकं जोरात. मुठीने ठोकू नका, ते मोजमाप खोटं. तिन्ही ठिकाणचे आकडे इथे लिहा.

काळी_चार
मध्येच विचारते, रागावू नका. मी गाते, मुलगा पियानो शिकतो. त्याच्या लॅपटॉपवरच्या पियानोवर स्वर धरून रियाज करायला गेले तर तानपुरा ॲपशी गांधार जुळतच नाही. पेटीचंही तसंच होतं हे माहीत आहे, पण सॉफ्टवेअर आहे म्हटल्यावर बदलता यायला हवं ना?

पेडलवाला
येतं, ताई. जरा थांबा, यांचं आकड्यांचं होऊ द्या. ज्यांच्याकडे दुसरं सॉफ्टवेअर आहे त्यांनी तोवर लिहा.

स्टुटगार्टकर
मी लिहितो, माझ्याकडे पियानोटेक आहे. सॅलॅमँडरसारखं त्यात ध्वनिमुद्रण नाही. तारा, हातोडी, साउंडबोर्ड यांचं गणित मांडून स्वर त्या क्षणी तयार होतो. फ्रान्समधल्या तुलूझच्या मोडार्ट कंपनीने २००६ साली काढलं. ते रचणारे फिलिप गीयोम हे गणितज्ञ आणि त्याआधी स्वतः पियानो जुळवणारे, आणि ते सॉफ्टवेअरच्या स्लायडरांत दिसतं. मोठे सॅम्पल (ध्वनिमुद्रित स्वरांचे) संच कित्येक जीबी खातात, हे शंभर एमबीच्याही आत आटपतं. त्यामुळे रॅम आणि डिस्कवर भार नाही, प्रोसेसरवर येतो.

ज्यांना ‘सेटिंग’ म्हणजे नक्की काय बदलतं हे कानाने शिकायचंय त्यांनी याची ट्रायल उतरवावी. वीस मिनिटांनी थांबते आणि काही पट्ट्या मुक्या असतात, पण शिकायला पुरते. हातोडीचा कठीणपणा हळू, मध्यम, जोरात अशा तीन ठिकाणी वेगळा ठरवता येतो. मी फोर्टेचा जरासा उतरवतो, जुन्या मऊ नमद्यासारखा होतो. दुसरा स्लायडर युनिसन विड्थचा. मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना तीन तारा असतात, त्या तिन्ही एकमेकींपासून किती किंचित हलल्या आहेत ते याने ठरतं. अगदी शून्य केलं तर स्वर काचेसारखा निर्जीव, वाढवला तर थेट शाळेच्या सभागृहातला पियानो. तिसरा ‘कंडिशन’चा, तो सगळा पियानोच म्हातारा करत नेतो. मित्रांना दाखवायला मजेचा आहे.

विकत घेताना जपून. स्टेज ही स्वस्त आवृत्ती, तिच्यात हातोडी-तारांचे हे स्लायडर नाहीत. ते स्टँडर्डमध्ये येतात. प्रत्येक पट्टी स्वतंत्र घडवायची तर प्रो. बहुतेकांना प्रोची गरज नसते.

पेडलवाला
सहमत, फक्त एक जोडतो. व्हेलॉसिटी जुळली नसेल तर महागडं सॉफ्टवेअरही तितकंच नकली वाटेल. आधी आकडे, मग खरेदी.

मंद्रसप्तक
आकडे घ्या: हळू २२ च्या आसपास, नेहमीचं ५५ ते ६५, जोरात ९४–९६. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

पेडलवाला
तुमच्या पियानोत ‘टच’चं सेटिंग असेल: हलका, मध्यम, जड. हलका करा. म्हणजे कमी वेगालाही मोठा आकडा जाईल. काही पियानो हे सेटिंग फक्त स्वतःच्या आवाजाला लावतात, मिडीला लावत नाहीत, म्हणून बदलल्यावर मिडी-ऑक्समध्ये पुन्हा बघा. आकडे हलले नाहीत तर रीपरसारख्या होस्टमध्ये (इतर संगीत सॉफ्टवेअर आपल्या आत चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) स्फोर्झांदो प्लगइन म्हणून उघडा आणि त्याच्या आधी व्हेलॉसिटी बदलणारं मिडी प्लगइन ठेवा. ९५ ला ११८-१२० च्या जवळ न्या. १२७ ला नेऊ नका, वर थोडी जागा राहू द्या, नाहीतर प्रत्येक जोराचा स्वर एकसारखा ओरडेल. २२ ला १० च्या आसपास आणा. मधला भाग सरळ रेषेत सोडा आणि चार दिवस तसंच वाजवा. मग वाटलं तर मध्ये किंचित वाक द्या.

पियानोटेकवाल्यांना हे सगळं आतच मिळतं. व्हेलॉसिटीचा आलेख आहे आणि कळफलक जुळवून देणारी सोयही.

वजन नसलेल्या पट्ट्यांचा सिंथ असेल तर उलटं होतं. बोट लावलं की आकडा ९० च्या वर. तिथे आलेख खाली दाबायचा, म्हणजे मधल्या वेगाला लहान आकडा जाईल.

रात्रपाळी
हे शेवटचं माझ्यासाठीच लिहिलंत. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड, लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी, साधी हार्ड डिस्क. पेडल दाबून वाजवलं की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. नवीन लॅपटॉप घ्या असं सांगू नका.

पेडलवाला
नाही सांगत. पेडल दाबलं की आधीचा एकही स्वर थांबत नाही, नवे त्यावर चढत जातात. दहा बोटांनी थोडा वेळ वाजवलं तरी शंभरावर स्वर एकाच वेळी जिवंत असतात. प्लेअरमध्ये पॉलिफोनीची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची मर्यादा असते, ती ६४ वर आणा. सगळ्यात जुना, विरत आलेला स्वर आधी कापला जातो, गर्दीत कानाला कळत नाही. बफर ५१२ करा. मोठे संच प्रत्येक सॅम्पलचा फक्त सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतात आणि उरलेला वाजता वाजता डिस्कवरून ओढतात, तिथे तुमची हार्ड डिस्क दमते. कमी थरांचा लहान संच घ्या. छोटा पियानो नीट वाजलेला बरा.

शिवाय चार्जर लावून वाजवा आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा. बॅटरीवर प्रोसेसर आपला वेग उतरवतो. वाय-फाय बंद करून बघा, त्याचा ड्रायव्हर आवाजाच्या मध्ये घुसणं फार नेहमीचं आहे. लेटन्सीमॉन हे मोफत साधन कोणता ड्रायव्हर आड येतोय ते नावानिशी दाखवतं.

आणि एक राहिलं. प्लेअरचा आउटपुट लाल दिव्यापर्यंत जात असेल तर ती तडतड प्रोसेसरची नाही, आवाज फाटतोय. सहा ते दहा डेसिबल उतरवा आणि हेडफोनचा व्हॉल्यूम वाढवा.

ठाणेकर
माझ्या संचात एक बग आहे. अगदी वरच्या दीडेक सप्तकात बोट उचललं, पेडलही सोडलं, तरी स्वर वाजतच राहतो. बाकी पट्ट्या व्यवस्थित थांबतात. रिलीज टाइम (पट्टी सोडल्यावर स्वर विरायला लागणारा वेळ) कमी केला तर सगळाच पियानो कोरडा होतो.

स्टुटगार्टकर
बग नाही, पियानोच तसा असतो. वरच्या साधारण दीड सप्तकाच्या तारांना डँपर, म्हणजे पट्टी सोडल्यावर तार थांबवणारे नमद्याचे ठोकळे नसतातच. तारा इतक्या आखूड की स्वर आपोआप लवकर विरतो. संच करणाऱ्याने इमानाने तसंच ठेवलंय. रिलीज टाइम होता तिथे परत न्या.

ठाणेकर
अरेच्चा! बरं झालं विचारलं, मी त्या लोकांना कडक ईमेल लिहायला घेतली होती.

मंद्रसप्तक
टच हलका केल्यावर आकडा ११२ पर्यंत जातोय, होस्टची गरजच पडली नाही. आता खुलतोय, आणि हळू वाजवलेलंही हळूच राहतंय. राहिलं ते हेडफोनचं. खर्ज डावीकडे, तार उजवीकडे, मधे पोकळी.

स्टुटगार्टकर
सॅलॅमँडरचे मायक्रोफोन तारांच्या वर साधारण १२ सेंटिमीटरवर होते. म्हणजे हेडफोनमध्ये तुमचं डोकं झाकणाखाली आहे. वाजवणारा एवढ्या जवळ कधीच बसत नाही. स्टिरिओची रुंदी कमी करणारं कुठलंही मोफत प्लगइन लावा आणि ६०–७० टक्क्यांवर आणा. हेडफोनसाठी क्रॉसफीड मिळालं तर अजून चांगलं. त्यात डाव्या बाजूचं थोडं उजव्या कानाला जातं, जसं खोलीत जातं. पियानोटेकच्या स्टँडर्डमध्ये मायक्रोफोनच उचलून लांब ठेवता येतात.

त्यानंतर, आणि त्यानंतरच, रिव्हर्ब. हॉल किंवा कॅथीड्रल नको. लहान खोली, सेकंदाच्या आतबाहेरची लांबी, प्री-डिले (मूळ स्वर आणि घुमी यांतलं अंतर) १०-२० मिलिसेकंद. कोरड्या स्वराच्या खाली हळूहळू चढवा. कानाला ‘रिव्हर्ब आहे’ असं कळलं की थोडा मागे घ्या.

पेडलवाला
मी सरावाला रिव्हर्ब ठेवतच नाही. पेडल गचाळ पडलं तर रिव्हर्ब ते झाकतो आणि मग खऱ्या पियानोवर बसलं की फजिती होते. पण हे ज्याचं त्याचं.

पेडलचं निघालंच तर: साधं स्विचसारखं पेडल फक्त शून्य किंवा १२७ पाठवतं. अर्ध्या पेडलची कितीही सेटिंग्ज सॉफ्टवेअरमध्ये असोत, तुम्हाला मिळणार नाहीत. मधले आकडे पाठवणारं पेडल लागतं, आणि पियानोच्या सॉकेटनेही ते मानायला हवं. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे सोडल्यावर स्वर लांबत असतील, तर पियानो चालू करताना पेडलवर पाय नसू द्या.

आता काळी_चार ताई. मुलाच्या लॅपटॉपवर कोणतं सॉफ्टवेअर आहे?

काळी_चार
पियानोटेक स्टँडर्ड, मामाने भेट दिलेलं. माझी पट्टी नावातच आहे.

पेडलवाला
मग सगळं हातात आहे. पियानो समान अंतराच्या सप्तकावर जुळवतात, प्रत्येक पट्टी १०० सेंटांवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार ३८६ सेंटांवर आहे आणि पियानोचा ४०० वर. हे १४ सेंट तुम्हाला टोचतात. पंचमात फरक फक्त दोनाचा, म्हणून तो टोचत नाही.

स्काला नावाची साध्या मजकुराची फाइल लिहायची, तिच्यात प्रत्येक स्वराची जागा सांगायची. पहिल्या ओळीत काहीही नाव, दुसरीत १२, मग कोमल रिषभापासून तार षड्जापर्यंत एकेका ओळीत सेंट. माझी अशी आहे: ११२.०, २०४.०, ३१६.०, ३८६.०, ४९८.०, ५९०.०, ७०२.०, ८१४.०, ८८४.०, ९९६.०, १०८८.० आणि शेवटी २/१. फाइलमध्ये आकडे इंग्रजी लिहा, आणि दशांश चिन्ह विसरू नका. नुसतं ३८६ लिहिलं तर स्काला त्याला सेंट न समजता ३८६ पट असं गुणोत्तर समजतो आणि काहीतरी भीषण वाजतं.

ही फाइल पांढरी एकला षड्ज धरते. काळी चारचा षड्ज हवा तर सोबत कळफलक नकाशाची केबीएम फाइल लागते, तिच्यात षड्जाच्या पट्टीचा मिडी क्रमांक ६० ऐवजी ६८ द्या. मग ऑक्टेव्ह स्ट्रेचिंगचा स्लायडर खाली आणा. खऱ्या पियानोत वरची सप्तकं थोडी चढी आणि खालची थोडी उतरी जुळवतात, तानपुऱ्याशी तेही भांडतं. शेवटी डायापेसन (सगळ्या पियानोची मूळ स्वरउंची) हलवून षड्ज ॲपशी मिळवा.

स्टुटगार्टकर
यावर माझा थोडा विरोध. हे रियाजाला ठीक, पण मुलगा त्याच सेटिंगवर शिकला तर? या सप्तकात षड्ज-पंचम स्वच्छ, पण दुसऱ्या पट्टीत गेलं की काही कॉर्ड अक्षरशः विव्हळतात. धैवत ८८४ वर आणि रिषभ २०४ वर धरला की त्या दोघांतला पंचमभावच ६८० सेंटांचा होतो, जिथे ७०२ हवा.

पेडलवाला
बरोबर. म्हणून दोन वेगळे प्रीसेट. आणि रिषभ-धैवताचं म्हणाल तर तो प्रश्न बारा पट्ट्यांत सुटत नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली ती याचसाठी. राग ठरलेला असेल तर त्या रागापुरते आकडे बदला: रिषभ १८२ वर आणलात की धैवताशी जुळतो, पण मग पंचमाशी बिघडतो. गाणाऱ्याचा गळा हे सहज करतो, पट्टीला एकच जागा.

काळी_चार
केलं! मुलानेच फाइल लिहून दिली, ‘आईचा’ आणि ‘माझा’ असे दोन प्रीसेट. गांधार लावला की आता तानपुऱ्यात विरघळतो. कोमल निषाद मात्र मला १०१८ वरचा जवळचा वाटला, तो बदलून घेतला.

उगाचच
माझं शेजाऱ्यांचं सेटिंग राहिलंच. चेष्टा नाही करत आहे, हेडफोन लावूनही खालचे लोक तक्रार करतात.

स्टुटगार्टकर
ते स्वर ऐकत नाहीत, पट्ट्यांची धपधप ऐकतात. वजनदार पट्टी तळाला आपटली की ती धडक स्टँडमधून जमिनीत उतरते. इथे जर्मनीत इमारतींत रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, त्यामुळे हे लवकर शिकावं लागतं. स्टँडच्या प्रत्येक पायाखाली जाड रबर, खाली वॉशिंग मशीनखाली घालतात तशी चटई. पेडलखालीही.

रात्रपाळी
पॉलिफोनी ६४, बफर ५१२, चार्जर लावून, वाय-फाय बंद. तडतड गेली. पण आज नवीनच: स्फोर्झांदो चालू होतो, पट्ट्या दाबतो, आवाजच नाही. कीबोर्ड यादीत दिसतो पण निवडला जात नाही.

पेडलवाला
मिडी-ऑक्स मागे उघडं आहे का? विंडोजमध्ये बऱ्याच कीबोर्डांचा मिडी पोर्ट एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला मिळतो.

रात्रपाळी
होतं. बंद केलं, वाजतोय.